महामार्गांचा सांधा आणि अपघातांचा हिशेब

सोलापूर जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवाल तिथून कुठला ना कुठला महामार्ग जवळच असतो. पुणे–हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा (जुना ९), धुळ्याकडून तुळजापूरमार्गे येऊन विजयपूरकडे उतरणारा ५२, कोल्हापूरकडून सांगोला–मंगळवेढ्यावरून येणारा १६६, शिवाय पंढरपूरच्या दिशेने रुंद होत गेलेले दोन पालखी मार्ग. पंढरपूर, तुळजापूर आणि अक्कलकोट ही तीन मोठी देवस्थाने शहरापासून तास-दीड तासाच्या टप्प्यात आहेत, त्यामुळे रात्री पुण्या-मुंबईहून निघून पहाटे दर्शनाला पोचणाऱ्या गाड्यांचा ओघ वर्षभर असतो. साखर कारखाने तीसहून अधिक, म्हणून गाळप हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या. मार्केट यार्ड हैदराबाद रस्त्याला लागून, म्हणून कांद्याच्या दिवसांत ट्रकांच्या रांगा. रस्ते अपघातांवरची देशातली चर्चा ज्या मुद्द्यांभोवती फिरते, ते बहुतेक सगळे या एका जिल्ह्यात भेटतात. म्हणून आकडे देशाचे आणि राज्याचे असले, तरी हा आढावा सोलापुरात उभे राहून घेतला आहे.

पन्नास वर्षांची चढण

१९७० साली देशात सुमारे १ लाख १४ हजार अपघातांची नोंद झाली. त्यांत साधारण १४,५०० माणसे मेली आणि ७० हजार जखमी झाली. १९९० पर्यंत मृतांचा आकडा ५४ हजारांवर गेला, २००० साली ७८,९११ झाला आणि २०१० साली १,३४,५१३. त्यानंतरच्या दशकात चढण मंदावली. मृत्यू वाढत राहिले, पण पूर्वीच्या वेगाने नाही. २०२० च्या टाळेबंदीत आकडा खाली आला आणि रस्ते मोकळे होताच पुन्हा वर चढला. २०२२ मध्ये तो १,६८,४९१ होता, २०२३ मध्ये १ लाख ७२ हजारांच्या पुढे गेला. महाराष्ट्राचा आलेख साधारण असाच आहे. २०२० मध्ये साडेअकरा हजारांच्या आसपास मृत्यू झाले, २०२२ मध्ये १५,२२४.

या आकड्यांमागे शहरांचा बदललेला आकार आहे. गिरण्यांच्या काळातला सोलापूरचा कामगार भोंग्याच्या वेळेला पायी किंवा सायकलने कामावर पोचत असे, कारण चाळ आणि गिरणी यांत अंतरच फार नव्हते. नव्वदच्या दशकात गिरण्या एकेक करून बंद पडल्या. शहर जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडकडे पसरले. विडी कामगारांसाठी कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली आणि पुढे तिथेच तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प उभा राहिला. विद्यापीठ केगावला, थेट पुणे महामार्गावर. चिंचोळीची एमआयडीसी त्याच रस्त्यावर आणखी पुढे. रोजचे अंतर वाढले आणि नेमक्या त्याच काळात महापालिकेची परिवहन बससेवा खंगत गेली. ती पोकळी दुचाकीने आणि रिक्षाने भरली. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर मेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीस्वार होते, यात सोलापूरकराला नवल वाटण्यासारखे काही नाही.

भागाकार कशाने करायचा

अपघात वाढले की कमी झाले, या प्रश्नाची दोन उलटी उत्तरे एकाच वेळी देता येतात आणि दोन्ही गणिताने बरोबर असतात. १९७० मध्ये दर दहा हजार वाहनांमागे शंभराहून अधिक मृत्यू होत. २०१९ पर्यंत हे प्रमाण पाचाच्या आसपास आले. या हिशेबाने रस्ते वीस पटींनी सुरक्षित झाले. पण त्याच मृत्यूंना लोकसंख्येने भागले, तर १९७० मध्ये दर लाखामागे अडीच-पावणेतीन आणि २०२२ मध्ये सुमारे बारा असे येते. या हिशेबाने धोका चौपटीहून जास्त वाढला.

पहिल्या बाजूला जुना आधार आहे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आर. जे. स्मीड यांनी १९४९ मध्ये वीस देशांच्या आकड्यांवरून दाखवले की वाहने वाढत जातात तसे दर वाहनामागचे मृत्यू घटतात. समाज हळूहळू मोटारीला सरावतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. अर्थशास्त्रज्ञांनी त्याला पुढे उत्पन्नाची जोड दिली. एलिझाबेथ कोपिट्स आणि मॉरीन क्रॉपर यांनी २००५ मध्ये ८८ देशांचा अभ्यास मांडला. देश गरीब असताना दर माणशी मृत्यू वाढतात आणि उत्पन्नाची एक पातळी ओलांडल्यावर घटू लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या हिशेबाने भारतातली घट २०४२ च्या सुमारास सुरू व्हायला हवी.

यावर आक्षेप दोन आहेत. पहिला व्यवहारातला: आपल्याकडे वाहन नोंदणीच्या वहीत भर पडते, वजाबाकी क्वचित होते. भंगारात गेलेली लूना आणि राजदूतही कागदावर जिवंत राहतात, त्यामुळे भाजक फुगतो आणि दर स्वस्तात घसरतो. दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जातो. दिल्ली आयआयटीतले दिवंगत प्रा. दिनेश मोहन वर्षानुवर्षे सांगत की श्रीमंत देशांत मृत्यू घटले ते आपोआप नव्हे, धोरणे बदलल्यामुळे. अमेरिकेत १९६६ मध्ये कायदा झाला, मोटारींच्या रचनेवर बंधने आली. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये रस्त्यावर एकही मृत्यू स्वीकारायचा नाही असे उद्दिष्ट ठरवले आणि रस्ते त्या हिशेबाने बांधले. आलेखाचा उतार पाहून वाट बघत बसणे मोहन यांना मान्य नव्हते. माझे मत विचाराल तर भाजक म्हणून लोकसंख्या घेणे जास्त प्रामाणिक आहे, कारण मरणाऱ्यांत मोठा वाटा ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांचा आहे. पण वाहनांचा दर निरुपयोगी ठरत नाही. एकाच रस्त्याची दोन वर्षे तुलनेला घेताना वाहतुकीची संख्या धरावीच लागते.

नोंदवहीतले घोळ

भागाकाराचा वाद मिटला तरी भाज्य खरे आहे का, हा प्रश्न उरतोच. इथे तीन उदाहरणे पुरेत.

२०१५ मध्ये महाराष्ट्रात ६३,८०५ अपघात नोंदले गेले, २०१६ मध्ये ३९,८७८. एका वर्षात चोवीस हजार अपघात गळाले. मृत्यू मात्र १३,२१२ वरून १२,९३५, म्हणजे जवळजवळ तेवढेच. या घसरणीचा मोठा भाग एकट्या मुंबईचा होता. तिथला आकडा तेवीस हजारांवरून एकदम साडेतीन हजारांच्या आत आला. रस्ता एका रात्रीत असा शहाणा होत नाही. बदलली ती किरकोळ धडका मोजण्याची पद्धत. २०१५ आणि २०१६ यांना एका रेषेत जोडून महाराष्ट्रातले अपघात घटले असे लिहिणारा लेख आजही कधीमधी वाचायला मिळतो.

दुसरे उदाहरण तमिळनाडूचे. तिथे २०१६ मध्ये सतरा हजारांहून अधिक मृत्यू होते आणि २०१९ मध्ये १०,५२५ दाखवले गेले. देशभरच्या परिषदांत या राज्याचे कौतुक झाले, इतर राज्यांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितले गेले. पुढे केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात तमिळनाडूचे जुने आकडे सुधारून आले आणि २०१९ चा आकडा अठरा हजारांच्या वर गेला. देशाची त्या वर्षांची बेरीजही त्यामुळे वाढली. तमिळनाडूत रुग्णवाहिका आणि उपचाराच्या सोयी सुधारल्या हे कोणी नाकारत नाही. पण चाळीस टक्के घट हा पुरावा म्हणून वापरायचा, तर तो पायाच आता उरलेला नाही.

तिसरे उदाहरण जागतिक आरोग्य संघटनेचे. २०१६ साठी भारताचा सरकारी आकडा १,५०,७८५ होता, संघटनेचा अंदाज जवळपास तीन लाख. २०२१ साठी सरकारी आकडा १,५३,९७२ आणि अंदाज २ लाख १६ हजार. सरकारी बाजूचे म्हणणे असे की पोलिसांकडे प्रत्येक मृत्यूमागे कागद असतो, तर अंदाज हे गणिती प्रारूपातून येतात. आणि प्रारूपाचा आकडा पाच वर्षांत इतका खाली येतो, हेच त्याच्या कच्चेपणाचे लक्षण. उलट बाजूला घरोघरच्या मृत्यू-चौकशीवर आधारलेला ‘मिलियन डेथ स्टडी’ आहे. त्याने २००५ साठी १,८३,६०० मृत्यूंचा अंदाज काढला होता आणि तो पोलिसांच्या आकड्याच्या दीडपटीहून अधिक होता. म्हणजे नोंदी कमी आहेत यावर बऱ्यापैकी एकमत आहे. किती कमी, यावर नाही.

पादचाऱ्यांचे तर आणखी विचित्र. सरकारी तक्त्यात २०१६ मध्ये मृतांत त्यांचा वाटा साधारण दहा टक्के होता, २०२२ मध्ये १९.५ टक्के. सहा वर्षांत लोक दुप्पट चालू लागले नाहीत. दिल्ली आयआयटीचे संशोधक मूळ एफआयआर वाचून पूर्वीपासून म्हणत होते की तक्ता भरताना पायी चालणारा हरवतो. आता नोंदणी संगणकावर आल्यापासून तो सापडू लागला, असे दिसते.

जखमींचा प्रश्न मात्र अजून कुणी नीट हातात घेतलेला नाही, आणि मला तोच सर्वांत मोठा वाटतो. २०१० मध्ये देशात ५ लाख २७ हजार जखमी नोंदले गेले. २०२२ मध्ये ४ लाख ४३ हजार. मृत्यू पंचवीस टक्क्यांनी वाढले आणि जखमी सोळा टक्क्यांनी घटले. १९७० मध्ये शंभर अपघातांमागे तेरा मृत्यू होते, २०१० मध्ये २७, २०२२ मध्ये ३६.५. महाराष्ट्रात तर २०२२ मध्ये हे प्रमाण ४५ च्या पुढे होते. याचे दोन अर्थ लागतात. एक, वेग वाढला आणि धडका अधिक जीवघेण्या झाल्या. दोन, हातपाय मोडून सुटलेली माणसे नोंदीतच येत नाहीत. दोन्ही थोडेथोडे खरे असावे.

सोलापुरात हे कसे घडते ते समजायला फार लांब जावे लागत नाही. दुचाकी घसरून पडलेला माणूस जवळच्या खाजगी दवाखान्यात प्लास्टर घालून घरी जातो. धडक ओळखीच्याशी झाली तर खर्च देण्याघेण्यावर चौकातच तोडगा निघतो. विम्याचा दावा करायचा असेल तरच पोलीस ठाण्याची पायरी चढली जाते. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते खरी, पण तिथे धाराशिव, विजयपूर आणि कलबुर्गीकडूनही रुग्ण येतात, आणि सोलापूरचे गंभीर जखमी पुण्याला हलवले जातात. त्यात जिल्ह्यात पोलीस दोन: शहराचे आयुक्तालय १९९२ पासून वेगळे, ग्रामीणचे अधीक्षक वेगळे. जिल्ह्याचा एक आकडा हवा असेल तर दोन वह्या आणि रुग्णालयाची तिसरी वही एकमेकींशी ताडून पाहावी लागतात.

दोष कुणाचा

कारणांबद्दलची पहिली आणि सर्वांत लोकप्रिय भूमिका चालकाची चूक ही आहे. २०२२ च्या सरकारी तक्त्यानुसार ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले. हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांवर लोक मेले, सीटबेल्ट न लावलेले सोळा हजारांवर. या भूमिकेतून उपाय निघतो तो दंड, परवान्याची कडक चाचणी आणि कॅमेऱ्यांचा. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती याच विचारातून आली. महाराष्ट्राने वाढीव दंड तेव्हा रोखून धरले आणि डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. ते लागू झाले तेव्हा टाळेबंदीनंतरची वाहतूक परतत होती. त्यामुळे आपल्या राज्यात या दंडाचा परिणाम झाला की नाही, हे आकड्यांतून वेगळे काढणे फार अवघड आहे.

दुसरी भूमिका रस्त्याकडे बोट दाखवते. अतिवेग हे कारण पोलीस हवालदार धडक पाहून ठरवतो, मोजून नाही, असा तिचा पहिला आक्षेप. माणूस चुकणारच हे गृहीत धरून रस्ता असा बांधावा की चूक जिवावर बेतू नये, हे तिचे सूत्र. महामार्गावरच्या साधारण पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत गंभीर स्वरूपाचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’ धरतात आणि दुरुस्त करतात. आक्षेपक म्हणतात, म्हणजे दहा माणसे जाईपर्यंत थांबायचे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. तिथे सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून कठडे, खुणा, थांबलेल्या ट्रकांवरची कारवाई आणि रुग्णवाहिका असे सगळे एकदम हाती घेतले. २०१९ पर्यंत मृत्यू शंभराच्या खाली आले. रस्त्याची बाजू मांडणारे हे उदाहरण देतात. पण अंमलबजावणीवालेही तेच देतात, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या. शिवाय तो रस्ता बंदिस्त आहे. त्यावर बैलगाडी येत नाही आणि शाळेची पोरे तो ओलांडत नाहीत.

सोलापूरला हा फरक महत्त्वाचा आहे. २०१० नंतरच्या दशकात पुणे, हैदराबाद, विजयपूर आणि तुळजापूर या चारही दिशांचे रस्ते चौपदरी होत गेले. देशात राष्ट्रीय महामार्गांची लांबी एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास आणि मृत्यूंत वाटा ३६ टक्के. चौपदरीकरणाने समोरासमोरच्या धडका कमी व्हायला हव्यात, आणि जिथे पूर्वी ओव्हरटेक करताना एसटी आणि ट्रक भिडत तिथे त्या कमी झाल्याचे रोजचे प्रवासी सांगतात. पण २०१८ मध्ये अशा रस्त्यांवर मोटारींची वेगमर्यादा ताशी शंभर झाली, आणि त्याच रस्त्यावर केगावचा विद्यार्थी, कोंडीचा शेतकरी, मोहोळचा दूधवाला आहे. भुयारी मार्ग दोन किलोमीटर पुढे असेल तर शेतकरी मोटारसायकल उलट्या बाजूने घालतो. ढाब्यासमोर दुभाजक फोडलेला असतो. वेगाबद्दलचे संशोधन इथे स्पष्ट आहे: सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. समोरासमोरच्या धडकांतून वाचलेले जीव आणि रस्ता ओलांडताना गेलेले जीव यांची वजाबाकी काय येते, यावर या चौपदरीकरणाचे मूल्यमापन ठरेल.

तिसरी भूमिका वाहनांची. मोटारींना एअरबॅग, धडक चाचणी, दुचाकींना एबीएस या गोष्टी गेल्या दशकात नियमांत आल्या. उसाची ट्रॉली त्या नियमांच्या फटीत राहिली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, ट्रॅक्टरचा वेग ताशी वीस आणि मागून येणारी गाडी शंभरने. हंगामाच्या तोंडावर परिवहन विभाग आणि कारखाने रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात. वाहतूकदारांची बाजूही ऐकण्यासारखी आहे: खेपेवर पैसे मिळतात, कारखान्याच्या गव्हाणीपुढे रात्र-रात्र रांगेत उभे राहावे लागते, आणि फडातला मळलेला ट्रॅक्टर रोज धुऊन रस्त्यावर आणणे जमत नाही. अशा अपघातात जबाबदारी चालकाची, ट्रॅक्टरमालकाची, की ज्याच्यासाठी ऊस चालला त्या कारखान्याची, हे धोरणात अजून स्पष्ट झालेले नाही.

चौथी भूमिका अपघातानंतरच्या तासाची. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ मध्ये सुरू झाली. कोइम्बतूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजसेकरन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रस्ता सुरक्षा समिती नेमली. मदत करणाऱ्याला पोलिसी त्रास होऊ नये अशा मार्गदर्शक सूचना न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केल्या. मे २०२५ पासून जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. तिची एक बाजू फारशी बोलली जात नाही: उपचाराचा दावा झाला की नोंद होते. योजना नीट चालली तर पुढच्या काही वर्षांत जखमींचा आकडा झपाट्याने वाढलेला दिसेल आणि रस्ते अधिक धोकादायक झाले अशी हाकाटी होईल. ते वाढलेले अपघात असतील की सापडलेले जखमी, हे तेव्हा वेगळे करता यायला हवे.

पायी चालणाऱ्यांचा जिल्हा

या चारही भूमिकांत न बसणारी एक गोष्ट सोलापुरात आहे, ती म्हणजे रस्त्यावर श्रद्धेने चालणारी माणसे. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कार्तिकीसाठी निघालेल्या कोल्हापूरकडच्या दिंडीत मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. आषाढीच्या मोठ्या पालख्यांना बंदोबस्त असतो, वाहतूक वळवली जाते. कार्तिकीच्या आणि महिन्याच्या वारीच्या लहान दिंड्या मात्र नेहमीच्या वाहतुकीतून चालतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये पायाभरणी झालेल्या दोन्ही पालखी मार्गांच्या आराखड्यात कडेने चालण्याची स्वतंत्र वाट धरलेली आहे, ही आपल्याकडच्या महामार्ग बांधणीत दुर्मीळ गोष्ट. मात्र ती वाट आळंदी आणि देहूच्या रस्त्यांवर आहे. मिरजेकडून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून येणाऱ्या दिंड्यांच्या रस्त्यांवर नाही.

याच्या उलट कोजागिरीचे. त्या सुमारास हजारो भाविक सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालत जातात आणि प्रशासन त्या रस्त्यावरची वाहतूक दुसऱ्या मार्गांनी वळवते. रस्ता वर्षातून काही दिवस पायी चालणाऱ्यांच्या ताब्यात देता येतो, हे तिथे दरवर्षी दिसते. कार्तिकीच्या दिंड्यांना रात्रीच्या काही तासांपुरते तरी असे करता येईल का, की त्यांची संख्या आणि वाटा इतक्या विखुरलेल्या आहेत की ते अशक्य आहे, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते.

काय ठरायचे बाकी आहे

संयुक्त राष्ट्रांच्या दुसऱ्या रस्ता सुरक्षा दशकाचे उद्दिष्ट २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे आहे, भारतानेही ते मान्य केले आहे. जगातले मृत्यू २०१० ते २०२१ या काळात पाच टक्क्यांनी घटले, भारतातले वाढले. निम्मे म्हणजे कशाचे निम्मे, पोलिसांच्या आकड्याचे की आरोग्य संघटनेच्या, हेच आधी ठरवावे लागेल. मृत्यूदर चढत असताना जखमी घटले कसे, याचे उत्तर रुग्णालयाच्या नोंदी पोलिसांच्या नोंदींशी जोडल्याशिवाय मिळणार नाही. आणि सिव्हिलसारखे एक मोठे सरकारी रुग्णालय, दोन पोलीस घटक आणि सोलापूर व अकलूज ही दोन परिवहन कार्यालये असलेला हा जिल्हा त्या जोडणीसाठी आटोपशीर आहे. चौपदरीकरणाचा जमाखर्च मांडायचा, तर प्रत्येक पट्ट्यावरचे आधीचे आणि नंतरचे मृत्यू पादचारी, दुचाकी, मोटार असे वेगळे काढून पाहावे लागतील. आणि गाळपाच्या पाच महिन्यांतले रात्रीचे अपघात उरलेल्या सात महिन्यांशी ताडून पाहिले, तर रिफ्लेक्टरच्या मोहिमा पुरेशा आहेत की डबल ट्रॉलीच महामार्गावरून हटवायला हवी, या वादाला निदान काही आधार मिळेल. गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि कार्तिकीच्या दिंड्याही त्याच रस्त्यांवर त्याच दिवसांत असतात.